एका पात्राचा माग: लांबलचक विज्ञानमालिका बारा-चौदा भागांत कशी पाहावी

'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन'चे भाग १७८. एक भाग साधारण ४५ मिनिटांचा, म्हणजे सगळं मिळून १३३ तास. 'डीप स्पेस नाइन'चे भाग १७६, 'बॅबिलॉन ५'चे ११०. 'डॉक्टर हू' तर १९६३ साली सुरू झाली, तिचा हिशोब न मांडलेलाच बरा. पहिल्या भागापासून शिस्तीत सुरुवात करून पंधराव्या भागाला कंटाळणारे पुष्कळ. दोष त्यांचा नाही. या मालिकांचे पहिले सीझन बऱ्याचदा कच्चेच असतात.

दुसरी वाट आहे. एक पात्र धरायचं आणि त्याच्या वाटेवरचे तेवढेच भाग बघायचे. नऊ-दहा तासांत त्या पात्राची ओळख पक्की होते, आणि गोडी लागली तर उरलेली मालिका कुठे पळून जात नाही. फक्त 'सर्वोत्तम दहा भाग' छापाच्या याद्या या कामाला चालत नाहीत. त्या यादीतला प्रत्येक भाग चांगला असतो, पण एकाचा धागा दुसऱ्याला लागत नाही. आपल्याला हवी ती साखळी, आणि साखळीत एखादी साधी, बिनचमकदार कडीही लागतेच.

खाली भागांचे क्रमांक '२-९' असे दिले आहेत: दुसऱ्या सीझनचा नववा भाग.

पात्र कोणतं घ्यावं

कॅप्टन घेऊ नका. एक तर तो प्रत्येक भागात असतो, त्यामुळे यादी आखडतच नाही. दुसरं, जहाज सांभाळणं हे त्याचं काम, म्हणून भाग संपताना तो बहुधा सुरुवातीला होता तसाच खुर्चीत परत बसलेला असतो. माग काढायला सोयीचा तो बाहेरचा माणूस: मूळ 'स्टार ट्रेक'मधला, अर्धा माणूस अर्धा परग्रहवासी व्हल्कन असलेला स्पॉक, 'नेक्स्ट जनरेशन'मधला यंत्रमानव डेटा, माणसांना यंत्राला जुंपणाऱ्या बोर्गच्या तावडीतून सुटलेली 'व्हॉयेजर'मधली सेव्हन ऑफ नाइन, 'डीप स्पेस नाइन'मधला, स्वतःच्या देशातून हाकललेला शिंपी गॅरॅक. ही मंडळी माणसांकडे बाहेरून बघतात, आणि त्यांचा प्रश्न एका भागात सुटण्यातला नसतो.

निवड बरोबर आहे का, हे बघायची एक सोपी चाचणी आहे. पात्राचा ओळखीचा भाग बघून झाला की कागदावर दोन ओळी लिहा: याला काय हवंय, आणि ते का मिळत नाहीये. डेटाला माणूस व्हायचंय, पण भावना त्याच्यात घातलेल्याच नाहीत. गॅरॅकला घरी जायचंय, पण घरच्यांनीच त्याला घालवलंय. 'एक्स-फाइल्स'मधल्या स्कलीला पुरावा हवा, आणि तिच्या गळ्यात क्रूस आहे. दुसरी ओळ लिहिता आली नाही, तर ते पात्र नुसतं गमतीचं आहे. त्याचे दोन भाग बघा आणि सोडून द्या.

विनोदी वाटणाऱ्या पात्राला मात्र लगेच बाद करू नका. 'बॅबिलॉन ५'मधला लोंडो मोलारी सुरुवातीला पंख्यासारखे केस उभारलेला, दारू आणि जुगारात बुडालेला राजदूत म्हणून येतो. मालिकेतली सगळ्यात जड गोष्ट पुढे त्याच्याच खांद्यावर पडते.

आधी मालिकेची वीण बघा

किती भाग गाळता येतील हे पात्रावर नाही, मालिकेच्या विणीवर ठरतं.

'नेक्स्ट जनरेशन' एखाद्या मोठ्या वाहिनीसाठी बनली नव्हती. ती अमेरिकेतल्या स्थानिक केंद्रांना थेट विकली जायची, आणि पुनःप्रक्षेपणात भाग मागेपुढे झाले तरी अडू नये अशी तिची बांधणी होती. म्हणून बहुतेक भाग स्वतंत्र आहेत, आणि १७८मधून बारा-तेरा उचलले तरी चालतं. याची दुसरी बाजू अशी, की एका भागात पात्रावर आभाळ कोसळतं आणि पुढच्या भागात ते काही झालंच नाही असं वावरतं. हे लेखकांचं विस्मरण नव्हे, विक्रीची सोय आहे. ते धरून बसलात तर मजा जाईल.

'एक्स-फाइल्स' मिश्र विणीची: काही भाग एका मोठ्या कटाचे, बाकीचे एकेका विचित्र प्रकरणाचे. 'डीप स्पेस नाइन' सुरुवातीला सुटी आणि शेवटाकडे सलग. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'ची २००३-०४ची आवृत्ती जवळपास पूर्ण सलग आहे. तिथे कारा थ्रेसचे निवडक भाग काढायला गेलात तर अर्ध्या संवादांचा संदर्भच लागणार नाही. ती मालिका सगळी बघा, आणि सुरुवात २००३ची दोन भागांची मिनी-सीरिज पाहूनच करा. पुष्कळ ठिकाणी ती वेगळी नोंदलेली असते, आणि '३३' हा १-१ भाग पहिला समजून बघणारा माणूस युद्धाच्या मधोमध जाऊन पडतो.

कड्या कशा निवडायच्या

यादीत सहा प्रकारचे भाग असावेत. ओळखीचा. कसोटीचा, म्हणजे ज्यात पात्राला निर्णय घ्यावा लागतो आणि त्याची किंमत मोजावी लागते. घरच्यांचा: आई-बाप, भाऊ, गुरू, जो कोणी असेल तो. वळणाचा. निरोपाचा. आणि एक रोजच्या दिवसाचा, ज्यात फारसं काही घडत नाही. हा शेवटचा प्रकार लोक हमखास गाळतात आणि तिथेच फसतात. पात्र संकटात कसं वागतं ते बाकीचे भाग सांगतात, पण संकट नसताना ते कसं आहे हे माहीत नसेल तर संकटाला वजन येत नाही.

याशिवाय एक-दोन आधाराचे भाग लागतात. त्यांत आपलं पात्र कडेला असतं, पण पुढच्या कडीचं सगळं सामान तिथे ठेवलेलं असतं. हे भाग शोधायची युक्ती: निवडलेल्या भागात एखादं माणूस आधीची ओळख असल्यासारखं दारातून आत आलं, की ते पहिल्यांदा कुठे आलं होतं ते बघा आणि तो भाग यादीत घाला.

एखादा भाग घ्यावा की नाही अशी शंका असेल तर पात्राच्या वाट्याला किती मिनिटं आली हे मोजू नका. पात्रानं त्यात काय गमावलं ते बघा. काहीच नसेल तर भाग गाळा, मग तो कितीही गाजलेला असो.

क्रमांकांचा घोळ

यादी तयार झाली की पहिली ठेच इथे लागते. दीड तासाचा पहिला भाग काही ठिकाणी एक धरतात, काही ठिकाणी दोन. 'नेक्स्ट जनरेशन'चा 'एन्काउंटर ॲट फारपॉइंट' दोन धरला तर 'डेटालोर' १-१३ येतो, एक धरला तर १-१२. मूळ 'स्टार ट्रेक'चा 'द केज' हा वाहिनीनं नाकारलेला पहिला नमुना काही याद्यांत सर्वांत आधी घातलेला असतो, आणि त्यामागचा अख्खा सीझन एका आकड्यानं सरकतो. 'डॉक्टर हू'ची मोजणी २००५मध्ये एकपासून नव्यानं सुरू झाली आणि २०२४मध्ये पुन्हा एकदा, त्यामुळे 'पहिला सीझन' म्हणजे तीन वेगवेगळ्या गोष्टी. नाताळचे खास भाग बरेचदा सीझनच्या बाहेर, भलत्याच कप्प्यात असतात. म्हणून यादीत भागाचं नाव आणि प्रक्षेपणाचं वर्ष लिहा. आकडा फक्त शोधायच्या सोयीपुरता.

दुसरी ठेच क्रमाची. नियम असा: प्रक्षेपणाच्या क्रमानं बघा. पण वाहिनीनंच भाग उलटसुलट दाखवले असतील तर निर्मितीचा क्रम घ्या. 'फायरफ्लाय' हे याचं कुप्रसिद्ध उदाहरण. २००२मध्ये १४ भाग तयार झाले, वाहिनीनं ११ दाखवले, आणि सगळ्या पात्रांची ओळख करून देणारा दोन तासांचा 'सेरेनिटी' हा पहिला भाग सर्वांत शेवटी, डिसेंबरमध्ये दाखवला. 'फ्रिंज'मध्ये तर 'अनअर्थ्ड' हा पहिल्या सीझनसाठी चित्रित झालेला भाग दुसऱ्या सीझनच्या मध्यात दाखवला गेला. त्यात दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीलाच मेलेला चार्ली फ्रान्सिस धडधाकट फिरताना दिसतो. मालिकेतला शास्त्रज्ञ वॉल्टर बिशप याचा माग काढणाऱ्यांनी हा भाग सरळ वगळावा आणि 'पीटर' व 'व्हाइट ट्यूलिप' हे दोन मात्र लागोपाठ बघावेत.

स्पॉकच्या बाबतीत हाच घोळ सौम्य रूपात होतो. 'व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर' हा दुसरा नमुना-भाग प्रक्षेपणात तिसरा आला (२२ सप्टेंबर १९६६). त्यात गणवेश वेगळे, आणि स्पॉक मोठ्यानं ओरडून हुकूम देतो. पात्र अजून सापडलेलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. डेटाही सुरुवातीला नको तिथे हसतो, आणि संक्षिप्त इंग्रजी रूपं तो वापरत नाही असं नंतर ठरलं तरी आधीच्या भागांत वापरतो. ओळखीच्या भागावरून पात्राला नापास करू नका. कसोटीच्या भागापर्यंत थांबा.

डेटा: पूर्ण यादी आणि कारणं

ही यादी तपशिलात देतोय, कारण साखळी कशी जुळते ते हिच्यात सगळ्यात स्पष्ट दिसतं.

सुरुवात 'डेटालोर' (१-१३) या भागानं. डेटाचा जुळा लोर इथे भेटतो. भाग म्हणून मध्यम आहे, लोरचा खलपणा जरा भडक आहे, पण तो गाळला तर पुढचे तीन भाग हवेत लटकतात. त्यानंतर थेट 'द मेझर ऑफ अ मॅन' (२-९, १९८९): डेटा ही वस्तू आहे की व्यक्ती, यावर सुनावणी होते, आणि त्याच्या विरुद्ध बाजू मांडायचं काम त्याच्याच सहकाऱ्यावर येतं. ब्लू-रेवर या भागाची वाढीव आवृत्तीही आहे. पहिल्यांदा प्रक्षेपित आवृत्तीच बघा, तिची चाल आवळलेली आहे.

दुसऱ्या सीझनचा शेवटचा 'शेड्स ऑफ ग्रे' चुकूनही लावू नका. १९८८च्या लेखकांच्या संपामुळे तो सीझन २२ भागांवर आटोपला, आणि हा शेवट जुन्या भागांचे तुकडे जोडून केलेला आहे.

तिसऱ्या सीझनमधून दोन: 'द ऑफस्प्रिंग' (३-१६), ज्यात डेटा स्वतःसाठी लेक घडवतो, आणि 'द मोस्ट टॉइज' (३-२२), ज्यात एक संग्राहक त्याला पळवून शोभेची वस्तू करून ठेवतो. दुसऱ्याच्या शेवटी डेटा एका प्रश्नाला जे उत्तर देतो ते नीट ऐका. यंत्र खोटं बोलतं का, हा वाद त्या एका वाक्यावर आजही रंगतो.

मग 'ब्रदर्स' (४-३). ब्रेंट स्पायनर इथे एकाच भागात डेटा, लोर आणि त्यांचा म्हातारा निर्माता अशा तिन्ही भूमिका करतो. 'डेटाज् डे' (४-११) ही रोजच्या दिवसाची कडी: लग्नाची तयारी, नाच शिकणं, मांजर. सगळा भाग डेटा एका पत्रातून सांगतो, आणि पत्र आहे ब्रूस मॅडॉक्सला, म्हणजे २-९मध्ये जो त्याचे सुटे भाग करायला निघाला होता त्यालाच. तो भाग पाहिलेला नसेल तर हे नाव कानावरून निघून जातं. पाहिला असेल तर पत्राच्या पहिल्याच ओळीला सगळा सूर बदलतो. साखळी म्हणायचं ते याला.

'इन थिअरी' (४-२५) प्रेमप्रकरणाचा. हलका वाटतो, पण डेटाला काय येत नाही हे यात जितकं उघडं पडतं तितकं इतरत्र नाही. 'द क्वालिटी ऑफ लाइफ' (६-९) पाहताना २-९ची सुनावणी आठवावी: इथे डेटा दुसऱ्या यंत्रांची बाजू घेतो. 'बर्थराइट'चा पहिला भाग (६-१६) त्याच्या स्वप्नाचा. दुसऱ्या भागात कथा जहाजावरच्या वॉर्फकडे वळते, तो नाही पाहिला तरी डेटापुरतं अडत नाही. नंतर 'डिसेंट' (६-२६ आणि ७-१). याच्या आधी आधाराचा एक भाग लागतो, 'आय, बोर्ग' (५-२३). त्यात डेटा कडेला आहे, पण ह्यू नावाचा बोर्ग कोण, हे तिथेच कळतं. शेवटी 'इनहेरिटन्स' (७-१०), घरच्यांची राहिलेली बाजू.

असे झाले तेरा भाग, पावणेदहा तास. आठवड्याला तीन धरले तर महिन्याभरात आरामात. 'एलिमेंटरी, डिअर डेटा' (२-३) आणि 'शिप इन अ बॉटल' (६-१२) हे दोन शेरलॉक होम्सचे भाग मुद्दाम बाहेर ठेवलेत. धमाल आहेत, पण डेटा त्यांत काही गमावत नाही. खरी गोष्ट तिथे मोरिआर्टीची आहे.

गॅरॅक: कडेच्या पात्राचा माग

पाहुण्या पात्राचा माग काढण्यात वेगळी मजा आहे, कारण लेखकांनीही त्याला हळूहळूच शोधलेलं असतं. गॅरॅक 'डीप स्पेस नाइन'च्या 'पास्ट प्रोलॉग' (१-३) या भागात येतो, डॉक्टर बशीरच्या खांद्यावर हात ठेवतो, आणि मग अख्खा पहिला सीझन गायब. परत येतो तो 'कार्डॅशियन्स' (२-५) या भागात.

त्याचा कणा म्हणजे 'द वायर' (२-२२). मरणाच्या दारात असलेला गॅरॅक आपल्या हद्दपारीची हकीकत तीन वेळा सांगतो, तीन तऱ्हांनी. एकीचा दुसरीशी मेळ नाही. इथे लोक खरी कुठली हे ठरवायला बसतात आणि दमतात. त्याऐवजी तिन्ही हकीकतींत काय सारखं राहतं ते टिपा. पुढे उपयोगी पडतं ते तेच.

मग 'सेकंड स्किन' (३-५), 'इम्प्रॉबेबल कॉज' आणि 'द डाय इज कास्ट' (३-२० व ३-२१, एकाच बैठकीत), हलकाफुलका 'अवर मॅन बशीर' (४-१०), 'इन पर्गेटरीज शॅडो' आणि 'बाय इन्फर्नोज लाइट' (५-१४ व ५-१५). 'इन द पेल मूनलाइट' (६-१९) हा अवकाशस्थानकाचा प्रमुख सिस्को याचा भाग म्हणून गाजलाय, पण गॅरॅकशिवाय तो उभाच राहत नाही. मात्र तो लावण्याआधी डोमिनियन या शत्रूसत्तेशी युद्ध सुरू आहे, सिस्कोची बाजू म्हणजे फेडरेशन हरतंय आणि रोम्युलन हे तिसरं साम्राज्य तटस्थ आहे, एवढं माहीत हवं. नाहीतर सिस्को इतका का वाकला, ते पटत नाही. सातव्या सीझनमधून 'आफ्टरइमेज' (७-३) घ्या. शेवटाकडचे भाग मात्र सलग विणलेले आहेत. तिथे निवड करू नका, ओळीनं बघा.

एक खबरदारी. अँड्र्यू रॉबिन्सनचं नाव मुख्य श्रेयनामावलीत नाही. ते शीर्षकानंतर पाहुण्यांच्या यादीत येतं. त्यामुळे गॅरॅक कुठल्या भागात आहे हे पहिल्या काही मिनिटांतच फुटतं. पाहुण्या पात्रांच्या बाबतीत हे सगळीकडेच होतं. आश्चर्य राखायचं असेल तर ती नावं येताना पडद्याकडे बघू नका. दुसरा इलाज नाही.

लोंडो आणि ग'कार: जोडीचा माग

काही पात्रं एकेकटी धरता येत नाहीत. 'बॅबिलॉन ५'मधले हे दोन राजदूत एकमेकांचे वैरी. एकाची चढती ती दुसऱ्याची उतरती, आणि मग उलट. ११०पैकी ९२ भाग जे. मायकल स्ट्रॅझिन्स्कीनं एकट्यानं लिहिले, त्यामुळे पहिल्या भागात पेरलेलं पाचव्या सीझनमध्ये उगवतं. 'मिडनाइट ऑन द फायरिंग लाइन' (१-१) या भागात लोंडो आपल्या मरणाचं स्वप्न सांगतो. ते लिहून ठेवा.

पहिल्या सीझनमधून आणखी तीन पुरेत: 'द पार्लमेंट ऑफ ड्रीम्स' (१-५), 'साइन्स अँड पोर्टेंट्स' (१-१३) आणि 'क्रिसॅलिस' (१-२२). १-१३मध्ये मॉर्डन नावाचा एक सभ्य माणूस राजदूतांना एकच प्रश्न विचारत फिरतो: तुला काय हवंय? ग'कार काय सांगतो आणि लोंडो काय सांगतो, ते शब्दशः लक्षात ठेवण्याजोगं आहे. पुढच्या चार सीझनचं बी त्या दोन उत्तरांत आहे.

दुसऱ्या सीझनमधून 'द कमिंग ऑफ शॅडोज' (२-९), ज्याला विज्ञानकथांसाठीचा १९९६चा ह्यूगो पुरस्कार मिळाला, 'ॲक्ट्स ऑफ सॅक्रिफाइस' (२-१२) आणि 'द लाँग, ट्वायलाइट स्ट्रगल' (२-२०). तिसऱ्यातून 'कन्व्हिक्शन्स' (३-२), ज्यात दोघं एका लिफ्टमध्ये अडकतात, 'डस्ट टू डस्ट' (३-६), 'इंटरल्यूड्स अँड एक्झामिनेशन्स' (३-१५) आणि 'वॉर विदाउट एंड' (३-१६, ३-१७). चौथ्याचे पहिले सहा भाग एकसंध आहेत, ते तसेच घ्या. पाचव्यातून 'द व्हेरी लाँग नाइट ऑफ लोंडो मोलारी' (५-२) आणि 'द फॉल ऑफ सेंटॉरी प्राइम' (५-१८).

वीसेक भाग होतात. याहून कमी करता येत नाहीत, आम्ही करून पाहिलंय. २-९ आणि २-२०मधलं अंतर कापलं की लोंडो नुसता खलनायक दिसतो, आणि तो तसा नाही.

चित्राबद्दल एक सूचना. या मालिकेची जुनी रुंद आवृत्ती टाळा. संगणकावर केलेली अवकाशातली दृश्यं ४:३ आकारासाठी बनली होती. ती रुंद करताना वरून-खालून कापली गेली आणि धूसर झाली. नंतरची ४:३मधली सुधारित आवृत्ती मिळाली तर तीच लावा. कडेच्या काळ्या पट्ट्या पाच मिनिटांत विसरायला होतात.

रिव्हर साँग आणि उलटा काळ

'डॉक्टर हू'मधली रिव्हर साँग काळातून प्रवास करणाऱ्या नायकाला, म्हणजे डॉक्टरला, भेटते ती उलट्या क्रमानं: त्याची पहिली भेट ही तिची शेवटची. त्यामुळे तिच्या आयुष्याच्या क्रमानं भाग लावायचा मोह होतो. पहिल्यांदा असं करू नका. सगळी कोडी सुटलेल्या अवस्थेतच समोर येतील. प्रक्षेपणाचा क्रम असा: 'सायलेन्स इन द लायब्ररी' आणि 'फॉरेस्ट ऑफ द डेड' (२००८); 'द टाइम ऑफ एंजल्स' आणि 'फ्लेश अँड स्टोन', मग 'द पँडोरिका ओपन्स' आणि 'द बिग बँग' (२०१०); 'द इम्पॉसिबल ॲस्ट्रोनॉट', 'डे ऑफ द मून', 'अ गुड मॅन गोज टू वॉर', 'लेट्स किल हिटलर' आणि 'द वेडिंग ऑफ रिव्हर साँग' (२०११); 'द एंजल्स टेक मॅनहॅटन' (२०१२); 'द नेम ऑफ द डॉक्टर' (२०१३); आणि नाताळचा 'द हजबंड्स ऑफ रिव्हर साँग' (२०१५). चौदा भाग. हे संपल्यावर लगेच पहिले दोन पुन्हा लावा. तेच संवाद, पण आता रिव्हरचा चेहरा वाचता येतो.

स्कली

'बियाँड द सी' (१-१३) आधी. दुसऱ्या सीझनमध्ये 'डुएन बॅरी', 'असेन्शन' (२-५, २-६) आणि 'वन ब्रेथ' (२-८). गिलियन अँडरसन त्या काळात गरोदर होती, आणि तिला पडद्यावरून काही काळ हलवण्यासाठी ही अपहरणाची गोष्ट रचली गेली. अडचणीतून निघालेला हा मार्ग पुढे सगळ्या मालिकेचा पाया झाला. पुढे 'इर्रेझिस्टिबल' (२-१३), आणि मग चौथ्या सीझनमधला गुंता.

'नेव्हर अगेन' हा भाग 'लेनर्ड बेट्स'च्या आधी चित्रित झाला, पण २६ जानेवारी १९९७ला सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यानंतरच्या मोठ्या प्रेक्षकवर्गासाठी 'लेनर्ड बेट्स' पुढे आणला गेला. त्याच्या शेवटी स्कलीला स्वतःच्या तब्येतीबद्दल काहीतरी कळतं. प्रक्षेपणाच्या क्रमानं (४-१२, ४-१३) पाहिलं तर 'नेव्हर अगेन'मधलं तिचं तुटक वागणं त्या बातमीमुळे आहे असं वाटतं. चित्रीकरणाच्या क्रमानं पाहिलं तर ती नोकरीला आणि जोडीदार मल्डरला वैतागलेली आहे, बस. आमचं मत दुसऱ्या क्रमाला. दुखण्याचं कारण न देता बाईला वैतागता आलं पाहिजे. त्यानंतर 'मेमेंटो मोरी' (४-१४), 'ख्रिसमस कॅरोल' आणि 'एमिली' (५-६, ५-७), आणि अँडरसननं स्वतः लिहून दिग्दर्शित केलेला 'ऑल थिंग्ज' (७-१७).

बघताना

वहीत प्रत्येक भागाला तीन रकाने पुरतात: काय हवं होतं, काय केलं, काय गेलं. भागाची गोष्ट लिहीत बसू नका, ती कुठेही मिळते. पाच-सहा भागांनंतर तिसरा रकाना उभा वाचा. पात्राचा आलेख तिथे दिसतो. तो रकाना सलग तीन भाग रिकामा राहिला तर यादीत भरताड झालंय, काटछाट करा.

'आधीच्या भागांत' ही सुरुवातीची झलक सहसा गाळावी, कारण आज कोण परतणार हे ती सांगून टाकते. अपवाद: मधले दहा-पंधरा भाग वगळून उडी मारली असेल तर ती जरूर बघा. भागाचं नाव शोधताना सारांश वाचू नका. पात्राच्या नावानं शोध तर घेऊच नका, पहिल्याच ओळीत त्याचा मृत्यू लिहिलेला असतो. दुहेरी भाग एका बसणीत बघा. जुन्या 'डॉक्टर हू'ला मात्र याच्या उलट: पंचवीस मिनिटांचे चार किंवा सहा भाग मिळून एक कथा होते, आणि प्रत्येक भागाचा शेवट आठवडाभर जीव टांगणीला लावण्यासाठी बेतलेला आहे. सहाही एका दमात पाहिले तर पळापळ आणि पकडापकड पुन्हा पुन्हा येते. रोज दोन भाग हे प्रमाण ठीक. १९६०च्या दशकातले ९०हून अधिक भाग हरवलेले आहेत, तेव्हा त्या काळातलं पात्र निवडताना त्याचे भाग शिल्लक आहेत का ते आधी बघा.

पात्र दुसऱ्या मालिकेत गेलं तर तिथवर जावं. स्पॉकचे 'अमॉक टाइम' (२-१) आणि आईबापांची भेट घडवणारा 'जर्नी टू बेबल' (२-१०) झाले की 'नेक्स्ट जनरेशन'मधले 'सारेक' (३-२३, हे स्पॉकच्या बापाचं नाव) आणि 'युनिफिकेशन' (५-७, ५-८) लावा. बापलेकांच्या अबोल्याची ती गोष्ट पूर्ण व्हायला चोवीस वर्षं लागली.

'डॉक्टर हू'मधली डॉक्टरची जुनी सोबतीण सारा जेन स्मिथ हिचं अंतर त्याहून मोठं. एलिझाबेथ स्लेडन 'द टाइम वॉरियर' (१९७३) या कथेत आली आणि 'द हँड ऑफ फिअर' (१९७६) या कथेत गेली. डॉक्टर तिला घरी, क्रॉयडनला सोडतो म्हणतो, आणि तो निघून गेल्यावर तिच्या लक्षात येतं की ही आपली गल्ली नव्हेच. त्यानंतर तीस वर्षांनी 'स्कूल रियुनियन' (२००६) या भागात तीच नटी त्याच पात्रात परतते. हे दोन एकाच आठवड्यात बघा, १९७६चा आधी. २००६मध्ये ती डॉक्टरला सुनावते की तू मला क्रॉयडनला नाही, ॲबर्डीनला उतरवलंस, आणि जुना भाग न पाहिलेल्यांना तो नुसता विनोद वाटतो.